एका शेजाऱ्याचीं दोन नांवें

व्हिएन्नाहून आगगाडीनें पूर्वेस निघालें म्हणजे सुमारें तासाभरांत स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा येते. दोन देशांच्या राजधान्या इतक्या जवळ असाव्यात, हें मुंबई-नागपूर प्रवास जन्मभर केलेल्या मनुष्यास प्रथम खरेंच वाटत नाहीं. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त व्हिएन्नास असतात. त्यांच्या बिऱ्हाडीं आमचा मुक्काम असतां हा योग आला. शहराच्या वर्णनांत आम्ही वाचकांचा फारसा वेळ घेत नाहीं. डॅन्यूब नदीच्या कांठीं टेकडी, टेकडीवर चौकोनी किल्ला, त्याच्या चार कोपऱ्यांस चार बुरूज. तेथील लोक त्यास उलट्या ठेवलेल्या मेजाची उपमा देतात, आम्हांस उलटा ठेवलेला चौरंग आठवला. परंतु आम्हांस त्या शहरीं खरें घबाड मिळालें तें एका शब्दाचें, व त्याचीच हकीकत येथें सांगावयाची आहे.

किल्ल्याच्या पायथ्याशीं संत मार्टिनचें जुनें ख्रिस्तमंदिर आहे. त्याच्या शिखरावर क्रूसाऐवजीं सोन्याचा मुलामा दिलेला राजमुकुट बसविला आहे. त्याचें कारण असें कीं, १५४१ सालीं तुर्कांनीं हंगेरीचें बुडा शहर घेतल्यावर राज्याचा कारभार येथें आला, आणि १५६३ पासून १८३० पर्यंत हंगेरीच्या राजांस राज्याभिषेक याच मंदिरांत होत गेला. अकरा राज्यकर्ते आणि आठ राण्या येथें अभिषिक्त झाल्या. १७४१ सालीं मुकुट धारण करणारी सुप्रसिद्ध मारिया थेरेसा ही त्यांतलीच. अभिषेकानंतर राजानें नदीकांठच्या टेकाडावर घोडा चढवून चारी दिशांस तरवार फिरवावयाची, असा प्रघात होता.

आम्ही मंदिरांत असतां हंगेरींतून सहलीस आलेल्या शाळकरी मुलांचा एक तांडा तेथें शिरला. त्यांचे गुरुजी मोठ्या उत्साहानें कांहीं सांगत होते. आमच्यासोबत चिरंजिवांचे एक स्लोव्हाक स्नेही होते. त्यांस ती भाषा थोडीफार समजत असे. आम्हीं विचारलें, "गुरुजी काय सांगताहेत?"

"ते म्हणतात, हे सारे मज्यार राजे."

"मग तें खरें नव्हे काय?"

"नव्हे. ते उहोर्स्कोचे राजे."

"परंतु उहोर्स्को म्हणजे हंगेरीच ना?"

"होय," स्नेही शांतपणें म्हणाले, "पण मज्यार्स्को नव्हे."

चाळीस वर्षें मुलांस व्याकरण शिकविलेल्या माणसापुढें असें वाक्य टाकलें म्हणजे त्याचें पाऊल पुढें पडत नाहीं. आम्ही बाहेर येऊन एका बांकावर बसलों, आणि स्नेह्यांकडून सर्व नीट समजून घेतलें.

स्लोव्हाक भाषेंत आजच्या हंगेरी देशास 'मज्यार्स्को' म्हणतात. तेथील पुरुष 'मज्यार', स्त्री 'मज्यार्का', भाषा 'मज्यार्चिना'. चेक लोकहि मनुष्यास मज्यारच म्हणतात, भाषेस मात्र 'मज्यार्श्तिना'. परंतु १९१८ सालीं मोडलेलें जें जुनें विशाल राज्य, ज्याच्या पोटांत आजचा सारा स्लोव्हाकिया शतकानुशतकें होता, त्यास स्लोव्हाक 'उहोर्स्को' आणि चेक 'उह्री' असें निराळें नांव देतात. त्या राज्याचा रहिवासी तो 'उहोर', मग तो घरीं कोणतीहि भाषा बोलो. म्हणजे आमच्या स्नेह्यांचा पणजा उहोर होता, पण मज्यार नव्हता. उलटपक्षीं खुद्द हंगेरियन भाषेंत या दोन्ही कल्पनांस मिळून एकच शब्द आहे. राज्य मज्यार, राजा मज्यार, भाषा मज्यार, मनुष्यहि मज्यार. सारा तंटा येथें आहे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं वाटण्या झाल्या असतील, त्यांस हें लवकर उमगेल. वाड्याचें नांव आणि थोरल्या शाखेचें नांव एकच असलें, तर वेगळी झालेली धाकटी शाखा आपल्या आजोबांस कोणाचे म्हणणार? वाड्याचे म्हणावें तर ते आपोआप थोरल्यांचे होतात. आमचे म्हणावें तर थोरले हंसतात. स्लोव्हाकांनीं वाड्यास एक व भावास दुसरें नांव देऊन ही अडचण सोडविली. थोरल्या भावास दोन नांवांची गरजच कधीं भासली नाहीं, आणि दुसऱ्यास ती कां भासते हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं.

आतां शब्दाच्या कुळाकडे वळूं. आपल्याकडे इंग्रजी पुस्तकांच्या संस्कारानें 'मॅग्यार' असें लिहिण्याची चाल पडली आहे. हंगेरियन लोक तो ध्वनि रोमन लिपींतील 'जी' व 'वाय' हीं अक्षरें जोडून लिहितात, म्हणून हा घोटाळा. मूळ उच्चारांत गकार मुळींच नाहीं. तो शुद्ध तालव्य घोष स्पर्श आहे. आपल्या प्राचीन शिक्षाकारांनीं चवर्गाचें स्थान तालु व प्रयत्न स्पृष्ट असा सांगितला आहे. परंतु आज आपण जकार उच्चारतों तो टाळूस टेकून घासत निघतो, निव्वळ स्पर्श राहत नाहीं. शास्त्रांत वर्णिलेला जकार जन्मांत प्रथम आमच्या कानीं पडला तो डॅन्यूबच्या कांठीं. चेक व स्लोव्हाक लिपींत 'डी' या अक्षरावर एक लहानशी खूण करून हाच ध्वनि लिहितात, त्यामुळें त्यांनीं शब्द घेतला तो ध्वनीसकट, अक्षुण्ण घेतला. देवनागरींत 'मद्यार' असें लिहिणें कांहींसें अधिक जवळचें होईल; परंतु त्या देशांतील तोकाय प्रांताची द्राक्षमदिरा इतकी विख्यात आहे कीं भलताच श्लेष उत्पन्न व्हावयाचा, म्हणून आम्हीं 'मज्यार' पत्करला आहे.

मज्यार हें त्या लोकांनीं स्वतःस दिलेलें नांव. त्याचा पहिला अवयव उरल पर्वतापलीकडे ओब नदीच्या खोऱ्यांत राहणाऱ्या मान्सी लोकांच्या नांवाशीं सजातीय मानतात, आणि त्या दोन भाषा नात्यांतल्या आहेतहि. उहोर हें मात्र परक्यांनीं दिलेलें नांव. मज्यार लोक नवव्या शतकाच्या अखेरीस कार्पाथियन पर्वत ओलांडून डॅन्यूबच्या मैदानांत उतरले, त्यापूर्वीं ते काळ्या समुद्राच्या उत्तरेस ज्या तुर्की टोळ्यांच्या शेजारीं वावरत होते त्यांत ओनोगुर नांवाचा एक संघ होता. 'ओन' म्हणजे दहा. त्या नांवावरून स्लाव्हांनीं या नवागतांस हांक मारली. मूळचा अनुनासिक पोलिश भाषेंत 'व्हेंग्री' या रूपांत अजून टिकून आहे. चेक-स्लोव्हाकांत तो लोपला, आणि गकाराचा हकार झाला. आपला 'गिरि' इतर स्लाव्हांकडे 'गोरा' व यांच्याकडे 'होरा' होतो, तोच हा नियम. गंमत अशी कीं, 'हंगेरी' या शब्दांतहि हकार आहे, पण त्याचा उहोरच्या हकाराशीं कांहींएक संबंध नाहीं. तो लॅटिन लेखकांनीं या लोकांस हूणांचे वंशज समजून पुढें चिकटविला. चेक भाषेंत लहान आद्याक्षरानें लिहिलेला 'उहेर' म्हणजे तोंडावरील पुटकुळी! दोन्ही शब्दांचीं कुळें भिन्न आहेत; तथापि शेजाऱ्यांच्या थट्टेस व्युत्पत्तीची अडचण कधींच येत नाहीं.

चेकांच्या मोराव्हिया प्रांतांत पूर्व सरहद्दीजवळ उहेर्स्के ह्राडिश्त्ये आणि उहेर्स्की ब्रोद अशीं दोन गांवें आहेत. दुसऱ्याचा अर्थ हंगेरीकडचा उतार, म्हणजे नदी ओलांडण्याची जागा. शिक्षकांस वंदनीय असा कोमेन्स्की, ज्यास युरोपांत कोमेनियस म्हणतात, तो १५९२ सालीं जन्मला तो याच टापूंत. त्याचें जन्मगांव म्हणून जीं दोन-तीन गांवें भांडतात त्यांत उहेर्स्की ब्रोद आहे. पुढें १६५० पासून १६५४ पर्यंत त्यानें हंगेरींतील शारोश्पातक येथील शाळेंत काम केलें, आणि लहान मुलांसाठीं चित्रांचें तें जगद्विख्यात पुस्तक तेथेंच रचलें. त्या काळीं शाळेस सरहद्द आडवी येत नसे, कारण शिकविण्याची भाषा लॅटिन होती.

मज्यारांची भाषा आपल्या आर्यभाषांच्या कुळांतली नव्हे. स्लोव्हाक मात्र आहे, आणि संस्कृत जाणणाऱ्यास तिथल्या पाट्यांवर जागोजागीं ओळखीचे चेहरे भेटतात. भ्रातृ तो 'ब्रात', स्वसृ ती 'सेस्त्रा', द्वार तें 'द्वेरे', नभस् तें 'नेबो', शत तें 'स्तो'. मग हंगेरींत सर्व परकेंच असेल असें समजून आम्ही गेलों, तों तेथेंहि धेनु आपली! गाईस ते 'तेहेन' म्हणतात. शंभरास 'साझ', हजारास 'एझेर', बाजारास 'व्हाशार', मधास 'मेझ', पुलास 'हीद', जो आपल्या सेतूचा इराणी भाऊबंद. हे लोक गवताळ प्रदेशांत भटकत होते तेव्हां इराणी व तत्सम टोळ्यांकडून गाईबरोबर गाईचें नांवहि त्यांनीं उचललें. पुढें डॅन्यूबकांठीं आल्यावर स्लाव्हांकडून घेतलेलें देणें तर विचारूंच नये. राजास 'किराय' म्हणतात तो स्लाव्ह शब्द. अस्वलास 'मेद्व्हे', म्हणजे स्लाव्हांचा मध खाणारा 'मध्वद'. मित्रास म्हणतात 'बरात', आणि तो मूळचा 'ब्रात', भाऊ. हंगेरींत अत्यंत सर्वसामान्य असलेलें कोव्हाच हें आडनांव स्लाव्ह लोहाराचें. दुसरें तसेंच सर्वसामान्य आडनांव तोत, त्याचा अर्थच स्लाव्ह, विशेषतः स्लोव्हाक.

हा 'तोत' शब्द आमच्या स्नेह्यांनीं उच्चारला तो ओठ आवळून. हंगेरियन लोक स्लोव्हाकास पूर्वीं तोत म्हणत, आणि तोत माणसांत जमा नव्हे अशा अर्थाची त्यांची एक जुनी म्हणहि आहे. आज सभ्य माणूस स्लोव्हाक असेंच म्हणतो. म्हणजे एकाचीं दोन नांवें झालीं तीं इतिहास निस्तरण्यासाठीं, दुसऱ्याचीं दोन झालीं तीं अपमान निस्तरण्यासाठीं.

ब्रातिस्लाव्हांत एकेकाळीं एक इव्हँजेलिकल विद्यालय होतें. १७१४ ते १७१९ पर्यंत तेथें मुख्याध्यापक होता मात्येय बेल. जन्मानें स्लोव्हाक गांवचा, विद्येनें जर्मन पठडींतला, आणि स्वतःस हंगेरीचा म्हणविणारा. त्यानें हंगेरी राज्याचें विस्तृत वर्णन लॅटिनमध्यें लिहिलें, आणि जर्मनांसाठीं मज्यार भाषेचें व्याकरणहि लिहिलें. त्यास कोणी विचारलें असतें कीं, तूं उहोर कीं मज्यार, तर तो हंसला असता. सव्वाशें वर्षांनंतर त्याच विद्यालयांत ल्युदोवित श्तूर शिकवीत होता. १८४३ सालीं त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं स्लोव्हाक भाषेस लेखी रूप दिलें. त्याच सुमारास त्यास अध्यापनांतून काढण्यांत आलें, आणि १८४४ सालीं त्याचे पुष्कळ विद्यार्थी निषेध म्हणून शहर सोडून लेव्होचास चालते झाले. आजचें स्लोव्हाक राष्ट्रगीत त्या प्रसंगाचें अपत्य आहे. त्याच १८४४ सालीं कायद्यानें लॅटिन बाजूस सारून मज्यार ही राज्यभाषा झाली. लॅटिन कोणाचीच मातृभाषा नव्हती, म्हणून सर्वांस ती सारखीच अवघड होती. ती गेली आणि वाड्यांत कोणाचा आवाज मोठा हा प्रश्न उभा राहिला.

पुढचा अध्याय शाळांत घडला, आणि आम्हांस तोच सर्वांत बोचला. १८७५ सालीं 'मातित्सा स्लोव्हेन्स्का' ही स्लोव्हाकांची विद्वत्संस्था सरकारनें बंद केली. १९०७ च्या शाळाकायद्यानें असें ठरविलें कीं, मज्यारेतर मुलानेंहि चौथ्या इयत्तेच्या अखेरीस मज्यार भाषेंत आपलें म्हणणें मांडलें पाहिजे. जो स्लोव्हाक पुढें येण्यासाठीं स्वतःस मज्यार म्हणवूं लागे, त्यास त्याचेच भाऊबंद 'मज्यारोन' म्हणून हिणवीत. परंतु येथें आमचें मत स्नेह्यांहून थोडें निराळें पडलें. नांव बदलणारा प्रत्येक माणूस लोभीच असतो असें नाहीं. हंगेरीचा राष्ट्रकवि पेतोफी १८२३ सालीं जन्मला तेव्हां त्याचें आडनांव पेत्रोविच होतें आणि त्याची आई स्लोव्हाक होती. मज्यार काव्यावर त्याचें जें प्रेम होतें तें उसनें होतें असें कोण म्हणेल? ब्रातिस्लाव्हाच्या एका बागेंत त्याचा पुतळा आहे. आम्हीं तो पाहिला. मज्यारांचा पुढारी कोशुत याचें घराणेंहि स्लोव्हाक मुलखांतल्या तुरिएत्स प्रांताचें. १८४७-४८ च्या येथील विधिमंडळांत कोशुत व श्तूर दोघेहि सभासद म्हणून बसले होते.

मग १९१८ आलें. राज्य मोडलें, ४ जून १९२० च्या त्रियानोंच्या तहानें नवी सरहद्द कायम झाली. ज्या शहरांत आम्ही बसलों होतों त्याचें नांवहि १९१९ पर्यंत ब्रातिस्लाव्हा नव्हतें. जर्मन त्यास प्रेसबुर्ग, मज्यार पोझोन्य आणि स्लोव्हाक प्रेश्पोरोक म्हणत. १९१० च्या खानेसुमारींत तेथें शेंकडा सुमारें ४२ जर्मन, ४१ मज्यार आणि अवघे १५ स्लोव्हाक होते. १८९७ सालीं उभारलेला मारिया थेरेसेचा संगमरवरी पुतळा १९२१ सालीं चेकोस्लोव्हाक सैनिकांनीं फोडून टाकला. तो घडविणारा शिल्पकार फाद्रूस याच गांवचा होता.

दुसऱ्या दिवशीं, थोरल्या शाखेचें म्हणणेंहि ऐकावें म्हणून, आम्ही आगगाडीनें कोमार्नोस गेलों. हें एक गांव नदीनें दुभागलेलें आहे. उत्तरतीरीं स्लोव्हाकियांत कोमार्नो, दक्षिणतीरीं हंगेरींत कोमारोम. १९२० च्या तहापूर्वीं दोन्ही एकाच राज्यांत होतीं. कादंबरीकार योकाई १८२५ सालीं व संगीतकार लेहार १८७० सालीं येथेंच जन्मले. उत्तरेकडच्या गांवांतहि निम्म्याहून अधिक वस्ती मज्यारांची आहे, आणि २००४ पासून तेथें मज्यार भाषेंत शिकविणारें विद्यापीठ आहे. दोन्ही तीरांस जोडणारा जुना लोखंडी पूल १८९२ चा. २००७ च्या डिसेंबरापासून त्यावर कोणी कागद विचारीत नाहीं. मात्र उत्तरेस युरो चालतो व दक्षिणेस फोरिंट, त्यामुळें पूल ओलांडून आलेला गिऱ्हाईक खिशांत हात घालतां घालतां थांबतो.

याच पुलावर २१ ऑगस्ट २००९ रोजीं हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष शोयोम येऊन परत फिरले. कोमार्नोंत संत स्तेफान राजाच्या पुतळ्याचें अनावरण व्हावयाचें होतें आणि स्लोव्हाक सरकारनें त्यांस प्रवेश नाकारला. १९६८ सालीं त्याच तारखेस चेकोस्लोव्हाकियांत शिरलेल्या सैन्यांत हंगेरीचें सैन्य होतें, हें एक कारण सांगण्यांत आलें. प्रकरण युरोपच्या न्यायालयांत गेलें. २०१२ सालीं निकाल झाला कीं राष्ट्रप्रमुख हा सामान्य प्रवाशासारखा नव्हे, सबब स्लोव्हाकियानें नियम मोडला नाहीं. आमचा प्रश्न साधा होता: हजार वर्षांपूर्वींचा हा राजा उहोर कीं मज्यार? स्लोव्हाक पुस्तकांत तो पहिल्या नांवाचा, हंगेरियन पुस्तकांत दुसऱ्याचा. दोन्ही पक्षांस तो पूज्य आहे, म्हणूनच पुतळ्याचा एवढा खटाटोप.

आम्ही ज्यांच्या घरीं एक रात्र उतरलों त्या सत्तर-पंचाहत्तरीच्या मज्यार आजीबाई होत्या. त्यांचा नातू इंग्रजी जाणणारा असल्यामुळें बोलणें झालें. आजीबाईंच्या वडिलांनीं गांव न सोडतां राज्यें किती पाहिलीं तें त्यांनीं बोटांवर मोजून दाखविलें. चेकोस्लोव्हाकिया, १९३८ सालच्या व्हिएन्नाच्या निवाड्यानें हंगेरी, १९४५ पासून पुनः चेकोस्लोव्हाकिया. आणि १९४५ नंतरचीं तीं तीन वर्षें. मज्यारांचें नागरिकत्व काढून घेतलें, शाळा बंद झाल्या. चाळीस हजारांहून अधिक माणसें चेक प्रांतांत सक्तीनें कामास धाडलीं, सत्तर हजारांच्या आसपास अदलाबदलींत हंगेरीस पाठविलीं. १९४६ पासून एक अर्ज निघाला: आम्ही मुळांत स्लोव्हाकच, असें लिहून द्या आणि राहा. चार लाखांच्या सुमारास लोकांनीं तसे अर्ज केले. "माझ्या वडिलांनीं सही केली," आजीबाई म्हणाल्या, "आणि घरीं येऊन त्याच हातानें मज्यार भाषेंत देवाचें नांव घेतलें. दोन बैल होते, ते सोडून कोठें जाणार?"

१९४८ सालीं नागरिकत्व परत मिळालें. पण आजीबाईंचें आडनांव पुढें कित्येक वर्षें कागदोपत्रीं स्लोव्हाक रीतीनें 'ओव्हा' प्रत्यय लावून लिहिलें जाई. स्त्रीच्या आडनांवास तो लावलाच पाहिजे असा तेथील व्याकरणाचा हुकूम. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत कायदा सैल झाला, तेव्हां त्यांनीं कचेरींत जाऊन तो प्रत्यय काढून घेतला. व्याकरणाच्या प्रत्ययासाठीं कोणी कचेरीची पायरी चढल्याचें आम्हीं प्रथमच ऐकलें. उहोर या शब्दाबद्दल विचारतां त्या म्हणाल्या, "तो स्लोव्हाकांचा शब्द. आमच्या भाषेंत तो नाहीं, मग मी कशी उहोर होऊं?" नातू मध्येंच म्हणाला कीं, त्याच्या शाळेंत मात्र तो शब्द होता, आणि त्यास तो बरा वाटे, कारण त्या एका शब्दांत तो आणि त्याचे स्लोव्हाक मित्र दोघेहि बसत. हें त्यानें आम्हांस इंग्रजींत सांगितलें, आजीस भाषांतर करून सांगितलें नाहीं.

२००१ च्या खानेसुमारींत स्लोव्हाकियांत ५,२०,५२८ लोकांनीं स्वतःस मज्यार म्हणून लिहविलें. २०११ सालीं ४,५८,४६७ आणि २०२१ सालीं ४,२२,०६५. या शेवटच्या खानेसुमारींत प्रथमच एक दुसरा रकाना होता, ज्यांत मनुष्यास आपलें आणखी एक राष्ट्रीयत्व नोंदवितां येई. त्यांत चौतीस हजारांवर लोकांनीं मज्यार लिहिलें. नातवानें पहिल्या रकान्यांत स्लोव्हाक व दुसऱ्यांत मज्यार लिहिलें होतें. आजी त्याच्याशीं दोन दिवस बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं त्याच्या आवडीचें आंबट चेरींचें सार केलें, आणि वाढतांना एवढेंच विचारलें कीं, रकाने खालींवर करतां येत नव्हते काय?